बारीक तार, पक्की पकड

मुलांनो, सोलापूरच्या भवानी पेठेत राहणाऱ्यांना यंत्रमागाचा आवाज कसा असतो, हे सांगावं लागत नाही. खटक-खट, खटक-खट. अभ्यास करतानाही तो आवाज, जेवतानाही तोच. आणि मधेच एखादा माग एकदम गप्प होतो. कुणी बटण दाबलेलं नसतं, वीजही गेलेली नसते. शेजारचे माग तर चालूच असतात. मग हा एकटाच का थांबला?

धोट्यातल्या कांडीवरचं सूत तुटलं किंवा संपलं, म्हणून. पण ते मागाला कळलं कसं? मागाच्या एका बाजूला बारीक दात्यांचा एक छोटा काटा असतो. पुस्तकातलं त्याचं नाव वेफ्ट फोर्क. आडवा धागा आला की तो या काट्याला हलकेच ढकलतो. काटा बाजूला झाला, म्हणजे धागा शाबूत आहे, माग चालू राहू दे. धागा आलाच नाही, तर काटा जागचा हलत नाही आणि माग थांबतो. गंमत पाहा, एवढं मोठं धूड थांबवायचं की चालवायचं, ते एका धाग्याच्या हलक्या स्पर्शावर ठरतं. इथे धागा ओझं ओढत नाही, तो खबर देतो. आणि काटाच वाकलेला असेल तर? एकतर सूत नसताना माग चालत राहतो आणि कापड बिघडतं, नाहीतर सूत असताना उगीचच थांबतो.

आज आपण अशाच खबर देणाऱ्या दुसऱ्या एका धाग्याविषयी बोलणार आहोत. तो सुताचा नाही, तांब्याचा आहे. सध्या रस्त्यावर बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा दिसतात ना? जुन्या प्रकारच्या ई-रिक्षात शिशाच्या, आम्लाच्या बॅटऱ्या असतात. नव्या कित्येक रिक्षांत, आणि काही घरांतल्या इन्व्हर्टरमध्येही, लिथियमची बॅटरी आली आहे. तिच्यात बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट नावाचा पदार्थ असतो. तो बॅटरीला चालतो हे जगाला सांगणारा शोधनिबंध 1997 साली अमेरिकेतल्या टेक्सासमधून निघाला. त्यावर जॉन गुडइनफ यांच्या बरोबर पाधी आणि नंजुंडस्वामी अशी दोन भारतीय नावंही आहेत, बरं का! गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी 2019 साली नोबेल मिळालं, तेव्हा ते 97 वर्षांचे होते.

अशा एका सेलचा दाब 3.2 व्होल्ट. रिक्षाला लागतात पन्नासच्या आसपास. मग काय करायचं? सोळा सेल एकापुढे एक जोडायचे. 16 गुणिले 3.2, किती झाले? 51.2 व्होल्ट. एका सेलचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, अशी तांब्याच्या जाड पट्ट्यांनी बांधलेली ही माळ. मोटारीला लागणारा सगळा प्रवाह या पट्ट्यांतून वाहतो.

पण खोलीचं झाकण उघडावं तसं बॅटरीचं झाकण कारागिरानं उघडलं, तर जाड पट्ट्यांखेरीज आणखी काहीतरी दिसतं. प्रत्येक सांध्यावरून एकेक बारीक, रंगीत तार निघालेली असते. सगळ्या मिळून एका हिरव्या पट्टीकडे जातात. ही पट्टी म्हणजे बॅटरीचा पहारेकरी, बीएमएस. आणि या बारीक तारांना म्हणतात बॅलन्सच्या तारा.

एक कोडं घालतो. सेल सोळा, तर तारा किती? सोळा म्हणालात? कुंपणाला सोळा गाळे करायचे असतील तर खांब किती लागतात, ते आधी मोजा. सतरा! सुरुवातीचा ऋण टोकाचा एक आणि मग प्रत्येक सेलनंतर एकेक. शेजारशेजारच्या दोन तारांमधला फरक मोजला, की त्यांच्यामधल्या सेलचा दाब कळतो. म्हणजे मधली प्रत्येक तार दोन सेलांची साक्षीदार असते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याचीच गंमत आहे.

हा पहारा कशाला? समजा, सोळा माठ ओळीने ठेवले आहेत आणि प्रत्येकात एकाच वेळी तेवढंच पाणी पडतं. एका माठात आधीच तांब्याभर पाणी जास्त होतं. मग इतर माठ भरायच्या आधी तो वाहू लागेल. माळेतल्या सेलांचं असंच होतं. सगळ्यांतून एकच प्रवाह जातो, म्हणून जो आधीच थोडा भरलेला आहे तो आधी काठाला पोचतो. हा काठ आहे 3.65 व्होल्टचा. त्याच्या वर चार्जिंग करत राहिलात तर सेल खराब होतो. म्हणून पहारेकरी काय करतो? जास्त भरलेल्या सेलमधून थोडा प्रवाह एका रोधातून वाहवून देतो, म्हणजे माठाला बारीक भोक पाडतो म्हणा ना! आणि हे पाणी त्याच बारीक तारेतून बाहेर पडतं, जिच्यातून खबरही येते. एकच तार, दोन कामं.

आता आपल्या मूळ मुद्द्यावर येऊ. ही बारीक तार सेलच्या जाड बोल्टला जोडायची कशी?

तारेचं टोक सोलून बोल्टभोवती गुंडाळलं आणि नट आवळला, असं करणारे लोक आहेत. तार बारीक, नट फिरताना तिचे केस कापले जातात. काही तुटतात, काही बाहेर पिसारतात. म्हणून तारेच्या टोकाला एक कडी बसवायची. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन तिला थिंबल म्हणतात. एका बाजूला गोल भोक, ते बोल्टात जातं. दुसऱ्या बाजूला छोटी नळी, तिच्यात तार घालून पकडीनं दाबायची. या दाबण्याला म्हणतात क्रिंपिंग.

सोपं वाटतं ना? अडचण मापाची आहे. दुकानात मिळणारं सगळ्यात लहान नेहमीचं थिंबल लाल टोपीचं. ते 0.5 ते 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेसाठी असतं. निळं 1.5 ते 2.5 साठी, पिवळं 4 ते 6 साठी. आणि बीएमएसबरोबर येणारी तार? कित्येकदा 24 गेजची, म्हणजे फक्त 0.2 चौरस मिलिमीटर. आता लाल थिंबलाच्या नळीत ही तार घालून दाबा बरं. धाकट्या भावानं बाबांचा बूट घातल्यासारखं होतं. नाडी कितीही आवळा, पाऊल आत फिरतंच!

दाबताना आत नेमकं काय होतं, ते कळलं की बूट का चालत नाही तेही कळेल. तांबं मऊ असतं. चांगल्या पकडीनं नळी दाबली की नळी आणि तारेचे केस दोन्ही चेपतात, पसरतात, एकमेकांत घुसतात. तांब्यावर हवेमुळे आलेला पातळ काळपट थर या रगडण्यानं फुटतो आणि स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भिडतो. मधे हवेला शिरायला जागाच उरत नाही. हवा नाही, ओल नाही, म्हणजे पुढे गंजही नाही. असा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. नळी मोठी आणि तार बारीक असेल, तर नळी मिटते पण आत पोकळी राहते. केस चेपले जात नाहीत, फक्त अडकून बसतात. पहिल्या दिवशी सगळं ठीक. मग रिक्षा खड्ड्यांतून धावते, उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, पावसाळ्यात दमट हवा. धातू प्रसरण पावतो, आकसतो, आणि पोकळीत हवा ये-जा करू लागते.

मग डाग का देऊ नये, म्हणजे कथील लावून सोल्डर का करू नये, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. चांगला प्रश्न आहे. डाग देताना वितळलेलं कथील तारेच्या केसांमधून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत तार काडीसारखी ताठ होते आणि पुढे मऊच राहते. सतत हादरे बसले की तार या ताठ आणि मऊ यांच्या सीमेवर तुटते. दुसऱ्या महायुद्धात विमानांत आणि जहाजांत हजारो तारा जोडायच्या होत्या, त्याही झटपट. अमेरिकेत 1941 साली विटेकर नावाच्या अभियंत्यानं एक कंपनी काढली, तिचं नावच मुळी विमान आणि जहाजांच्या वस्तू असं होतं. तिचा मुख्य माल होता, डाग न देता नुसती दाबून बसवायची थिंबलं! आजही गाड्यांच्या आणि विमानांच्या तारा बहुतेक दाबूनच जोडतात.

आता ती साक्षीदाराची गंमत. दहावीच्या मुलांना ओहमचा नियम माहीत आहेच, लहानांनी ताईला विचारावं. समजा, एका सांध्याची पकड ढिली आहे आणि तिथे 1 ओहम रोध तयार झालाय. पहारेकरी नुसता दाब मोजत असताना तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही. त्यामुळे सांधा ढिला असूनही आकडा बरोबर येतो, 3.30 व्होल्ट. कारागीर मीटर लावून बघतो, त्यालाही 3.30 दिसतात. तो म्हणतो, सगळं ठीक! पण पहारेकऱ्यानं त्या सेलमधून 0.1 अँपिअर वाहवायला सुरुवात केली, की ढिल्या सांध्यावर 1 गुणिले 0.1, म्हणजे 0.1 व्होल्ट सांडतो. आता या सेलचा दाब दिसतो 3.20. आणि मधली तार दोघांची साक्षीदार आहे ना? म्हणून तिच्या पलीकडच्या सेलचा दाब दिसतो 3.40! खरं तर दोघेही 3.30 वरच आहेत. एक बिचारा उगीच अशक्त ठरला आणि शेजारी उगीच लठ्ठ.

शून्य पूर्णांक एक व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण या जातीच्या सेलचा दाब मधल्या बऱ्याच पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. अर्धा भरलेला आणि पाऊण भरलेला सेल यांच्यात फरक पडतो काही शतांश व्होल्टचा. तिथे 0.1 ची थाप म्हणजे फार मोठी थाप झाली. काही शहाणे पहारेकरी मोजायच्या क्षणी वाहवणं थांबवतात, म्हणून ते फसत नाहीत. पण काही बॅलन्सर एक-दोन अँपिअरही खेळवतात. तिथे हाच सांधा व्होल्टभराची थाप मारेल. आणि तार पुरतीच निसटली तर पहारेकऱ्याला भलतेसलते आकडे दिसतात आणि तो सरळ बॅटरी बंद करतो.

मग होतं काय? रिक्षा रूपाभवानीच्या देवळाकडून सवारी घेऊन निघते आणि सात रस्त्याच्या आधीच थांबते. चालकाचा दिवस बुडतो. गॅरेजमध्ये म्हणतात, अमुक नंबरचा सेल गेला, बदला. नवा सेल घातला तरी दुखणं तसंच राहतं, कारण सेल गेलेलाच नव्हता. दोन रुपयांच्या थिंबलापायी काही हजारांचा चांगला सेल बदनाम झाला.

एक ढिली तार केवढा घोटाळा करू शकते, ते पाहायला आता सोलापूरहून एकदम अमेरिकेत जाऊ. तिथे बॅटरी नव्हती, जहाज होतं. 26 मार्च 2024 च्या मध्यरात्रीनंतर बाल्टिमोर बंदरातून डाली नावाचं मालवाहू जहाज कोलंबोला निघालं. लांबी सुमारे 300 मीटर. तुमच्या शाळेचं मैदान असं किती वेळा मावेल, बघा मोजून. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पुलाजवळ येत असताना जहाजावरची वीज गेली. सुकाणू, दिवे, सगळंच बंद. वीज परत आली, पुन्हा गेली. जहाज भरकटत जाऊन फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि काही सेकंदांत पूल नदीत कोसळला. जहाजावरून धोक्याचा संदेश वेळेवर गेला होता, म्हणून पोलिसांनी पुलावर येणाऱ्या गाड्या अडवल्या. पण पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा कामगार मरण पावले.

तपास दीड वर्षाहून जास्त चालला. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेनं कारण सांगितलं. जहाजातल्या हजारो तारांपैकी एक तार तिच्या जागेत पूर्ण बसलेली नव्हती. ती मोटार चालवणारी जाड तार नव्हती बरं का, नुसता संदेश नेणारी बारीक तार होती. तिच्या टोकावरच्या धातूच्या नळीवर नाव लिहिलेली पट्टी थोडी पुढे सरकवून बसवली होती. त्या पट्टीमुळे टोक आतपर्यंत गेलंच नाही. वरवर पाहता तार जागेवर होती. ती सुटली, आणि पहिल्यांदा वीज गेली ती त्यामुळे. नावाची पट्टी लावणाऱ्यानं बहुधा कामच नीटनेटकं करायला घेतलं असेल! तार आत किती गेली, ते ओढून बघणं तेवढं राहिलं.

तर ओढून बघणं. जाणकार कारागीर हे दर थिंबलाला करतो आणि त्याला लाज वाटत नाही. पण त्याआधीची तयारीही पाहू. पहिली गोष्ट, बारीक तारेसाठी बारीक नळीचं थिंबल मिळतं. नेहमीच्या दुकानात नाही, शोधावं लागतं, पण मिळतं. माझं मत विचाराल तर शोधावंच. नाहीच मिळालं तर एक जुनी युक्ती आहे. तार नेहमीपेक्षा दुप्पट किंवा तिप्पट सोलायची आणि उघडं टोक स्वतःवर दुमडायचं. 0.2 ची दोन पदरी झाली 0.4, तीन पदरी झाली 0.6. म्हणजे आता ती लाल थिंबलाच्या मापात बसली! आईनं सुईत दोरा दुहेरी ओवावा, तसंच. कथील लावून तार जाड करणं मात्र वाईट. कथील तांब्याहून मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांनी पकड आपोआप ढिली होते.

दुसरी गोष्ट पकडीची. साध्या पकडीनं किंवा हातोडीनं चेपलेलं थिंबल मला बघवत नाही. क्रिंपिंगच्या चांगल्या पकडीत खाचा असतात, लाल-निळ्या-पिवळ्या खुणांच्या, आणि आत दातेरी चक्र असतं. पूर्ण दाबल्याशिवाय ती पकड उघडतच नाही. म्हणजे हात दमला म्हणून अर्धवट दाबणं शक्यच नाही! पण खाच चुकली, लाल थिंबल निळ्या खाचेत गेलं, तर सगळं ढिलं. आणि लहान खाचेत दाबलं तर केसच तुटतात. जास्त दाबणं म्हणजे जास्त पक्कं नव्हे.

तिसरी गोष्ट, थिंबल बोल्टवर कुठे बसवायचं? सेल आणि जाड पट्टी यांच्या मधे मुळीच नाही. पट्टी थेट सेलला भिडली पाहिजे, कारण मोठा प्रवाह तिथून जातो. थिंबल पट्टीच्या वर, त्यावर वॉशर आणि नट.

आई-बाबांसाठी चार ओळी. मुलांना खरी लिथियम बॅटरी उघडू देऊ नका, ती बंद असली तरी. 51 व्होल्टचा झटका फारसा वाटणार नाही, पण अशा बॅटरीच्या दोन टोकांना पाना टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना वितळू लागतो. बारीक तार चुकीच्या बोल्टला लागली तर ती लाल होऊन तिचं आवरण जळतं. म्हणून कारागीर अंगठी, कडं काढून ठेवून काम करतात आणि सगळ्या तारा बोल्टांवर बसून मोजून होईपर्यंत त्यांची दुसरी बाजू बीएमएसला लावत नाहीत.

मुलांनो, तुम्ही घरी करायचा प्रयोग आहे तो कोणत्याही बॅटरीशिवायचा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन इलेक्ट्रिकच्या दुकानातून लाल टोपीची सहा थिंबलं आणि मीटरभर बारीक तार आणा. पकड दुकानदाराकडेच असेल, तिथेच दाबून घ्या. दोन थिंबलांत तार एकेरी, दोनांत दुमडून दुहेरी, दोनांत तिहेरी. कोणती कुठली, ते लिहून ठेवा.

आता थिंबलाचं भोक भक्कम खिळ्यात अडकवा आणि तारेच्या खालच्या टोकाला एक पिशवी बांधा. पिशवीत ज्वारी मापून घालत जा, अर्धा-अर्धा किलो. मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर उत्तमच, पण प्रयोग झाल्यावर ती दळणाच्या डब्यात परत गेली पाहिजे, नाहीतर आजी रागावेल! खाली उशी ठेवा आणि पाय लांब ठेवा. 22 गेजची तार आपल्या 24 गेजच्या तारेहून थोडी जाड असते. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेच्या तक्त्यात तिच्या सांध्यानं 8 पौंड, म्हणजे साधारण साडेतीन किलोचा ओढा सोसावा असं आहे. तुमची तार त्याहून बारीक आहे, म्हणून तिच्याकडून थोडी कमी अपेक्षा ठेवा. पण एकेरी तार किती किलोला निसटते आणि तिहेरी किती किलोला, याचा तक्ता करा. आणखी एक गोष्ट बघा. तार नळीतून अख्खी सरकून बाहेर आली, की नळीच्या तोंडाशी तुटली? सरकली तर पकड ढिली होती. तुटली तर पकड तारेहून बळकट होती, किंवा दाब जास्त होऊन केस आधीच कापले गेले होते. या दोन्हींतलं खरं कुठलं, ते भिंग घेऊन तुटलेल्या टोकाकडे पाहिल्यावर ओळखता येतं का, ते तक्त्याखाली लिहून पाठवा.